साखर सोडण्याआधी मोजा : आईने शिकवलेली रीत

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी साखरेचा डबा नेहमी गॅसच्या उजव्या अंगाला, हात लांबवला की सापडेल अशा जागी असे. आईच्या रक्ततपासणीचा अहवाल आला आणि त्यात मधुमेह निघाला, त्या दिवशी संध्याकाळी मी तो डबा उचलून शेजारणीला द्यायला निघाले होते. आईने मला दारातच थांबवले. "द्यायला कशाला निघालीस गं? आपल्या घरात किती लागती ते आधी मोज की." तिने डबा माझ्या हातून काढून घेतला, लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी धुऊन पुसून कोरडी केली, तिच्यात एक किलोचे नवे पाकीट ओतले आणि साखर जिथवर आली तिथे माझ्या नेलपॉलिशने बाहेरून एक लाल रेघ ओढली. मग किराण्याच्या वहीत तारीख लिहिली. ती बरणी सहा दिवसांत रिकामी झाली. घरात आम्ही चौघे होतो : आई, वडील, धाकटा भाऊ आणि मी.

मला त्या वेळी ती टाळाटाळ वाटली होती. परंतु आईने सारा जन्म विणकराच्या घरात काढलेला, सुताच्या लडीपासून दिवाळीच्या उचलीपर्यंत प्रत्येक गोष्ट वहीत उतरवण्याची तिला सवय, त्यामुळे जे मोजलेले नाही ते कमी करता येत नाही हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. साखर सोडण्याचा निश्चय करून तो चार दिवसांत मोडलेली अनेक माणसे मी आमच्या गल्लीत पाहिली आहेत, आणि त्यांच्यात मनाच्या बळाची कमतरता होती असे मला कधीही वाटले नाही. त्यांना एवढेच ठाऊक नव्हते की साखर कुठून किती येते. म्हणून या लेखात आईची रीत जशी घडली तशी, टप्प्याटप्प्याने मांडली आहे, आणि तिला वैद्यकीय माहितीची जोड दिली आहे.

आपल्या भागात हे काम थोडे अधिक कठीण आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. चिकोडी, अथणी, रायबागकडे दृष्टी पोहोचेल तिथवर ऊस आहे, हंगामात गुऱ्हाळावर गेलेला माणूस काकवी चाखल्याशिवाय परतत नाही, पाहुण्याकडे रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून बेळगावचा कुंदा किंवा गोकाकचे करदंट पिशवीत असतेच, आणि कोणाच्याही दारात पाऊल टाकले की गोड चहाचा कप समोर येतो. दुसरीकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही, हाच या आजाराचा मोठा धोका आहे.

आधी रक्त, मग बरणी

पहिले पाऊल स्वयंपाकघरात पडत नाही, ते तपासणीच्या खोलीत पडते. वय तीसच्या पुढे असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात मधुमेहाची आणि रक्तदाबाची प्राथमिक तपासणी विनामूल्य होते. घरात कोणाला मधुमेह असेल, कमरेचा घेर वाढलेला असेल किंवा गरोदरपणात साखर वाढलेली असेल, तर तीस वर्षांची वाट पाहू नये.

उपाशीपोटीची साखर १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ती ठीक मानतात, १०० ते १२५ हा उंबरठा आणि १२६ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह, जो सहसा दुसऱ्या तपासणीने पक्का करून घेतात. एचबीए१सी ही दुसरी तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण रक्तातली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यावर साखर साचत जाते. हा आकडा ५.७ च्या खाली असावा, ५.७ ते ६.४ उंबरठा, आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. रक्त कमी असलेल्या स्त्रियांमध्ये हा आकडा फसवा येऊ शकतो, त्यामुळे अशक्तपणा असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अहवाल इंग्रजीत येतो आणि केंद्रावरचा कागद बहुधा कन्नडमध्ये असतो, म्हणून तपासणीचे नाव, आकडा आणि तारीख तिथेच विचारून आपल्या वहीत मराठीत उतरवून घ्यावी. पुढच्या वेळी तुलना करायला तीच वही लागते.

ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी चालू आहे, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद वाचल्याशिवाय आहारात काहीही बदल करू नये. ही गोष्ट आम्ही चुकून शिकलो.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेलो होतो. आईने सकाळची गोळी वेळेवर घेतली, परंतु दर्शनापर्यंत उपवास म्हणून काही खाल्ले नाही, आणि चहातली साखर तर आधीच कमी झालेली होती. रांगेत ऊन चढले तसा तिच्या कपाळावर घाम आला, पण तो उन्हाचा वाटला. मग तिच्या हातातली नारळाची पिशवी थरथरू लागली आणि ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारू लागली. मी घाबरून पाणी शोधत होते. तेवढ्यात शेजारच्या दुकानातली नारळ विकणारी बाई उठली, तिने आईला सावलीत बसवले आणि "बेल्ल तिन्री अव्वा" म्हणत गुळाचा मोठा खडा तिच्या हातात दिला. दहा-पंधरा मिनिटांत आई भानावर आली. ती गोळी लिहून देताना उपाशी राहू नका असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हे होते. घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, बोलण्यात गोंधळ ही त्याची खूण. अशा वेळी साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे, पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासावे, आकडा अजून खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी आणि बरे वाटल्यावर भाकरी किंवा भात असे काही खायला द्यावे. पेढा किंवा चॉकलेट अशा वेळी देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. आईच्या पर्समध्ये त्या दिवसापासून ग्लुकोजची पुडी असते, आणि साखर कमी करायला घेण्याआधी गोळीचे प्रमाण बदलायचे का, हे आम्ही डॉक्टरांना विचारतो. आपण होऊन गोळी बंद मात्र कधीही करू नये.

सात दिवसांची मोजणी

आता बरणीकडे वळू. बरणी भरल्याची आणि संपल्याची तारीख लिहिली की भागाकार सोपा असतो. आमची १००० ग्रॅम साखर सहा दिवसांत चार माणसांनी संपवली, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेली मर्यादा अशी आहे की दिवसभरात लागणाऱ्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा वरून घातलेल्या किंवा मध-रसातल्या साखरेतून यावी, आणि शक्य झाल्यास पाच टक्क्यांहून कमी. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी हा हिशेब ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम असा होतो. चौघांच्या घराला २५ ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला तीन किलो पुरतात, आणि या तीन किलोंत गूळ, मध, बिस्किटे, सरबते, बाजारातली मिठाई हे सारे धरलेले आहे. आमची एकटी बरणी महिन्याला पाच किलोंवर जात होती.

बरणीबाहेरची साखर पकडण्यासाठी आईने वहीत आणखी दोन रकाने आखले, एक गुळाचा आणि एक 'भायरचं' असा. बाहेर जे गोड खाल्ले ते रात्री जेवताना प्रत्येकाने सांगायचे आणि तिने लिहायचे. त्यात कोणाला बोलायचे नाही, हसायचे नाही, हा तिचा कडक नियम होता. माझ्या भावाने पहिले दोन दिवस काही सांगितले नाही, तिसऱ्या दिवशी आपणहून सांगितले की कामावरून येताना तो रोज थंड पेयाची एक लहान बाटली पितो. अशा पेयांत १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या वर. त्याची दिवसाची मर्यादा घरी पोहोचण्याआधीच संपत होती. आईने वहीत आकडा लिहिला आणि त्याला भात वाढला.

हा आठवडा संपेपर्यंत काहीही कमी करू नये. घाईने कमी केले तर नेहमीचा खरा आकडा हाती लागत नाही, आणि पुढे किती फरक पडला हे सांगता येत नाही.

चहा

आमच्या घरच्या साखरेचा बराच मोठा वाटा चहात जात होता, आणि माझा अंदाज आहे की सीमाभागातल्या बहुतेक मराठी घरांत तो तसाच जात असेल. म्हणून सुरुवात इथूनच करावी.

सगळ्यात आधी चमचा बदलावा. आमच्या डब्यात जो चमचा होता तो मोठा होता आणि त्यावर शीग लावूनच साखर घेतली जाई. लहान चहाच्या चमच्यात सपाट भरली तर साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर मावते, शीग लावली की दीडपट होते. आईने लहान चमचा ठेवला आणि चाकूच्या पाठीने तो सपाट करायची सवय लावली. एवढ्यानेच पहिल्या आठवड्यात फरक दिसला आणि चवीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

त्यानंतर पातेल्यातली साखर उतरवत न्यावी. चार कपांना आठ चमचे पडत होते, ते आईने दर आठवड्याला एक असे कमी केले. सात, सहा, पाच. वडिलांना फरक कळला तो चौथ्या आठवड्यात, आणि तोपर्यंत त्यांची जीभ अर्ध्या वाटेवर आलेली होती. पातेल्यात दोन चमचे उरले तेव्हा तिने पातेल्यात साखर घालणेच बंद केले आणि एका वाटीत साखर व लहान चमचा ठेवून ज्याला हवी त्याने घ्यावी असे सांगितले. स्वतःच्या हाताने घालायची वेळ आली की हात आपोआप आखडतो.

साखर कमी झाली की चहाचा कडूपणा वर येतो आणि बहुतेक लोक इथेच हरतात. त्यावर उपाय आहे. पावडर थोडी कमी घालावी, चहा जास्त वेळ खळखळून उकळू नये, आले ठेचून किंवा गवती चहाची दोन पाती घालावीत, हवे तर दूध किंचित वाढवावे. सहाव्या आठवड्यात एका सकाळी आई कप तोंडाला लावून थांबली आणि म्हणाली, "दुधाला पण चव असती की गं. आज कळालं बघ." तिच्या कपात त्या दिवशी साखर अजिबात नव्हती.

बाहेरच्या चहासाठी दोन वाक्ये तयार ठेवावीत. टपरीवर "सक्री हाकब्याड्री" (साखर घालू नका) म्हणावे, म्हणजे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नातेवाइकांकडे चहा ठेवायच्या आधी, आत पाऊल टाकतानाच सांगावे : "वहिनी, माझा बिनसाखरेचा हं, नाहीतर अर्धाच कप द्या." कप समोर आल्यावर नको म्हटले तर घरच्या बाईला ते लागते, आणि ते लागू नये ही काळजी आपणच घ्यायची असते.

गूळ, मध आणि काकवी

या विषयावर आमच्या घरात सर्वांत जास्त वाद झाला. वडिलांचे म्हणणे होते की साखर कारखान्यातली, गूळ मात्र शेतातला, म्हणून गूळ चालतो. उसाचा रस आटवून गूळ होतो आणि त्याच रसापासून साखर होते. गुळात लोह आणि इतर क्षार थोडेफार उरतात हे खरे, परंतु गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तात तो साखरेसारखाच उतरतो. लोह हवे असेल तर मेथी, राजगिरा, नाचणी, हुलगे यांतून ते मिळते आणि सोबत साखर येत नाही. मध आणि काकवी यांचेही तसेच. चहात दोन चमचे साखरेऐवजी गुळाचा मोठा खडा घालून जे समाधानी आहेत त्यांनी तो खडा एकदा तोलून पाहावा. आमचा १५ ग्रॅम भरला होता.

साखरेऐवजी बाजारात मिळणाऱ्या गोड गोळ्यांबद्दल थोडक्यात. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे. तो मधुमेह असलेल्यांना लागू नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे. माझे स्वतःचे मत असे आहे की जिभेची गोडाची अपेक्षा तशीच राहिली तर काम अर्धेच झाले.

पाकिटाच्या मागे काय लिहिलेले असते

दुकानातून आणलेल्या प्रत्येक पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते आणि ज्या घटकाचे वजन जास्त त्याचे नाव आधी येते. 'शुगर' हा शब्द पहिल्या तिघांत असेल तर तो गोड पदार्थ आहे, पुढे चित्र कशाचेही असो. परंतु साखर इतर नावांनीही येते : ग्लुकोज सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप. माल्टोडेक्स्ट्रिनचे नाव साखरेचे नसले तरी तेही रक्तात भराभर ग्लुकोज होऊन उतरते. त्याखालच्या कोष्टकात 'टोटल शुगर्स' आणि 'ॲडेड शुगर्स' असे दोन आकडे १०० ग्रॅममागे दिलेले असतात. दुसरा आकडा म्हणजे वरून घातलेली साखर, आणि आपल्याला तोच पाहायचा आहे. अनेक गोड बिस्किटांत तो २० च्या वर असतो. केचप, मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी, डबाबंद फळांचे रस, सकाळच्या नाश्त्याचे तयार पोहे या जागी साखर असेल असे सहसा मनात येत नाही, म्हणून ती पाकिटे आधी उलटून पाहावीत. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याने घरातल्या शाळकरी मुलाला हे काम द्यावे, कारण मुलांना ते आवडते आणि त्याच निमित्ताने त्यांच्याही लक्षात राहते.

'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटांत मैदा आणि तेल असतेच. त्या शब्दाने फसून अख्खा पुडा संपवू नये.

ताट

केवळ साखर सोडून रोज तीन वेळा भाताचा डोंगर वाढून घेतला तर अहवालात फारसा फरक पडत नाही, कारण पांढऱ्या तांदळाचे पिष्ट पोटात जाऊन ग्लुकोजच होते. खानापूरकडच्या माणसाला भात सोडा म्हणणे हा अन्याय आहे, आणि आईने तो आमच्या वडिलांवर केला नाही. तिने वाढण्याचा क्रम बदलला. आधी कोशिंबीर किंवा पालेभाजी, मग जोंधळ्याची भाकरी आणि उसळ, आणि शेवटी भात, तोही आमटीसोबत एक वाटी. भाज्या आणि डाळ पोटात आधी गेली की भात कमी लागतो आणि रक्तातली साखर एकदम उसळत नाही.

याच ठिकाणी आईचा एक सल्ला सांगायला हवा, जो तिने मला लग्नाच्या वयात निराळ्या कारणाने दिला होता : "कुणाच्या हातातला घास काढून घ्यायचा नाही. कमी द्यायचं झालं तर वाढतानाच कमी वाढायचं." घरातल्या मधुमेही माणसाच्या मागे लागून त्याच्या ताटाकडे डोळे वटारणाऱ्या मुला-सुनांनी हे ध्यानात घ्यावे. टोकलेला माणूस लपवून खातो, आणि लपवलेले वहीत येत नाही.

दुपारी चारच्या सुमारास गोडाची ओढ सर्वांत जास्त लागते. पहिल्या दोन आठवड्यांत काहींना डोके दुखणे, चिडचिड, मरगळ असेही होते. त्या वेळेसाठी भाजलेले फुटाणे, मूठभर शेंगदाणे, ताक किंवा पेरूची फोड हाताशी असावी. फळ चावून खावे, रस काढू नये, कारण रस काढताना तंतू निघून जातात आणि तीन-चार फळांची साखर एका पेल्यात येते. मे महिन्यात आंबा यायचाच. तो जेवणावर गोड म्हणून न खाता दुपारी वेगळा, अर्धा खावा. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा पोटभर खाणाऱ्यांची साखर उपवासाच्याच दिवशी चढते. वऱ्याचे तांदूळही तेवढ्याच जपून घ्यावेत, आणि शेंगदाण्याची आमटी, काकडी, ताक यांना जागा द्यावी. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालण्याचा उपयोग मला आकड्यांत दिसला आहे. आमच्या घरी रात्री जेवून गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या होतात.

सण आणि पाहुणे

आईने सण सोडले नाहीत. तिने दोन गोष्टी ठरवल्या : सणाचे गोड सणाच्याच दिवशी, आणि तेही जेवणाच्या ताटातच. होळीला पुरणपोळी होते, परंतु दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करायला उरेल एवढी होत नाही. संक्रांतीला प्रत्येकाच्या हातचा तिळगूळ घ्यायचा, त्यातला एक खायचा आणि बाकीचे डबीत ठेवून वाटून टाकायचे. प्रसाद नाकारायचा नाही, चिमूटभर घ्यायचा. लग्नात मांडे वाढले तर त्यातली पिठीसाखर आणि तूप विसरू नये, चतकोर घेऊन पान पुढे सारावे.

खरी अडचण घरात येऊन पडणाऱ्या डब्यांची असते. भावाची सोयरीक ठरली तेव्हा तिकडच्या मंडळींनी अर्धा किलो कुंदा आणला. दूध, खवा आणि साखर मंद आचेवर आटवून तांबूस केलेला तो दाणेदार कुंदा कागद उघडताच घरभर दरवळला. मी तो फ्रीजमध्ये ठेवायला उठले तर आईने आठ वाट्या मांडायला सांगितल्या. तिने पाहुण्यांच्या समोरच स्वतः सुपारीएवढा कुंदा तोंडात घातला, चांगला झालाय म्हणून तोंडभर सांगितले, एक वाटी घरी ठेवली आणि दिवे लागायच्या आत बाकीच्या सात वाट्या झाकून गल्लीतल्या सात घरी पोहोचवल्या. पाहुण्यांचा मान राहिला, नव्या सोयरिकीची बातमी सात घरी गोड तोंडाने गेली, आणि रात्री फ्रीज उघडायचे कारण उरले नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मोजणीची वाट पाहू नये. दोन वर्षांखालील बाळाच्या दुधात किंवा पेजेत वरून साखर घालूच नये, कारण ज्या चवीची ओळखच नाही तिची मागणीही होत नाही. साखर आणि दातांची कीड यांचा संबंध तर पक्का आहे, म्हणून मोठ्या मुलांना रात्री झोपताना गोड दूध देण्याची सवय मोडावी.

तीन महिन्यांनी

एचबीए१सी तपासणी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात फारसा अर्थ नसतो, कारण जुन्या पेशी अजून रक्तात असतात. त्या दिवशी त्यासोबत वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि शक्य असल्यास ट्रायग्लिसराइड्सचा (रक्तातल्या चरबीचा) आकडाही वहीत लिहावा, कारण साखर कमी केल्याचा लाभ तिथेही दिसू शकतो. आकडा खाली आला तर तो डॉक्टरांना दाखवून गोळीबद्दल त्यांनाच ठरवू द्यावे. आला नाही तर वहीतले रकाने पुन्हा वाचावेत. आमच्या बाबतीत पहिल्या तीन महिन्यांत आईचा आकडा अपेक्षेएवढा उतरला नाही, आणि वही उलगडून पाहिल्यावर कळले की साखरेचा रकाना रिकामा होत गेला तसा गुळाचा रकाना भरत गेला होता. तो वाद त्या दिवशी मिटला.

एक किलोची बरणी आता आमच्याकडे चोवीस दिवस पुरते, म्हणजे माणशी साधारण १० ग्रॅम. ती गॅसजवळ नसते, वरच्या फळीवर असते, आणि आईचा हात तिथवर पोहोचत नाही म्हणून नवे पाकीट मला ओतावे लागते. रेघ फिकट झाली होती, मागच्या महिन्यात मी ती पुन्हा ओढली. आईने खालूनच विचारले, "तारीख लिहिलीस काय?"